बसवलेलं उत्तर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यात मी शिक्षिका झाले, तीही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत द्यायची आणि नव्यानं आशा धरायची. येडशीला आमचं घर. तिथून सकाळच्या एसटीनं तालुक्याच्या गावी जायचं, कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्या कॉलेजातलं ते माझं पहिलंच वर्ष होतं.

वर्गात वीस-बावीस मुलंमुली होती. मुलं पोलीस भरतीची तयारी करायची. पहाटे मैदानावर धावून यायची आणि माझ्या तासाला त्यांचे पाय ठणकत असायचे, डोळे मिटत असायचे. मुलींचं अर्धं लक्ष स्टँडकडे. गाडी चुकली की पुढची कधी येईल याचा नेम नाही, आणि घरी उशीर झाला तर कॉलेजच बंद होण्याची भीती. दहावीला बरे मार्क पडले म्हणून सायन्स घेतलं, बारावीनंतर दुसरं काही मिळालं नाही म्हणून बी.एस्सी.ला आले, अशी बहुतेकांची कहाणी. मी फळ्यावर एखादं समीकरण सोडवून विचारायची, "समजलं का?" की सगळे एका सुरात म्हणायचे, "हो मॅडम." त्या "हो"मध्ये इतका गोडवा असायचा की मला रडावं की ओरडावं कळत नसे. बहुतेक वेळा मी ओरडायची.

मी काय काय करून पाहिलं ते सांगायला गेले तर हसाल. रागावून झालं, गोड बोलून झालं. बरोबर उत्तर देणाऱ्याला चॉकलेट देऊन पाहिलं. ती त्यांनी आपसांत वाटून खाल्ली, मला "थँक्यू मॅडम" म्हणाले आणि पुन्हा गप्प बसले. एकदा मोबाइलवरून जिद्द, मेहनत वगैरे सांगणारं एक भाषण ऐकवलं. तास संपल्यावर दोघं जण माझ्यामागे धावत आले. मला वाटलं, पेटले एकदाचे. तर त्यांना त्या भाषणाची लिंक हवी होती, स्टेटसला ठेवायला.

स्टाफरूममधले एक जुने सर मला म्हणायचे, "मॅडम, पोरं गुणाची आहेत. त्रास देत नाहीत. तेवढ्यावर समाधान मानायला शिका." पोरं गुणाची होती, यात शंकाच नव्हती. माझ्या हातातलं डस्टर पडलं तर चौघं उचलायला वाकायची. थंडीत हुरडा सुरू झाला की आपापल्या शेतात यायचं आमंत्रण द्यायची. मी आजारी पडले तेव्हा एका मुलीनं घरचं तूप पाठवलं होतं. माझा जीव होता त्यांच्यावर, आणि म्हणूनच राग यायचा. माणसं एवढी जिवंत आणि वर्गात आली की खुर्च्या-टेबलांसारखी का होतात, ते मला उमगत नव्हतं.

दिवाळीनंतर प्रॅक्टिकल सुरू झाली. पहिला प्रयोग लंबकाचा. अगदी साधा असतो. एक छोटा धातूचा गोळा दोऱ्याला टांगायचा, झुलवायचा, झोक्यांना किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं, दोऱ्याची लांबी मोजायची, आणि त्यावरून पृथ्वी त्या गोळ्याला किती जोरानं ओढते ते काढायचं. पुस्तकात उत्तर दिलेलं आहे, सेंटिमीटरच्या हिशेबात नऊशे ऐंशी. दोऱ्याची लांबी बदलत बदलत हा प्रयोग नीट केला तर अख्खी दुपार जाते. आमची बॅच अर्ध्या तासात हात झटकून मोकळी झाली.

मी उत्तरं पाहिली. नऊशे ऐंशी. नऊशे एकोणऐंशी पूर्णांक आठ. पुन्हा नऊशे ऐंशी. इतकी बिनचूक उत्तरं मला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही कधी आली नव्हती. मी समोरच्या मुलाला विचारलं, "कसं काढलंस रे?" तो बिचारा सरळ स्वभावाचा. मी नवी आहे, मला पद्धत ठाऊक नसेल, अशा समजुतीनं त्यानं मला नीट समजावून सांगितलं.

"मॅडम, आधी शेवटी नऊशे ऐंशी लिहायचं. मग खालून वर जायचं. लांबी घ्यायची, त्यावरून टाइम काढायचा. रीडिंग बसवायचं."

बसवायचं. फरशी बसवावी तसं. वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाला हे ज्ञान पोचतं केलं जायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उत्तर ठाऊकच आहे तर गोळा कशाला झुलवत बसायचा, असा त्यांचा सरळ हिशेब. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी माना खाली घालून ते ऐकून घेतलं. एका मुलीनं मध्येच उठून हळूच खिडकी लावली, माझा आवाज प्राचार्यांपर्यंत जाऊ नये म्हणून.

माझं बोलणं संपलं तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर एक गोळा अजून झुलत होता. तिथे एक मुलगी एकटीच होती. तिची जोडीदारीण लग्न होऊन गेल्यापासून ती एकटीच प्रॅक्टिकल करायची. सावळी, बारीक चणीची, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी. तिचा आवाज मी तोवर हजेरीपुरताच ऐकला होता. ओठ हलवत ती झोके मोजत होती. माझ्या आरडाओरड्यातला एक शब्दही तिच्या कानात गेला नसावा.

मी जवळ गेले. तिचं उत्तर आलं होतं एक हजार वीस. आधीचं एक होतं, तेही हजाराच्या वर. माझा राग अजून उतरला नव्हता. मी म्हणाले, "अगं, किती चुकलंय हे. लक्ष देऊन करत जा." ती "हो मॅडम" म्हणाली आणि तिनं गोळा सोडवून ठेवला. पुढचे दोन दिवस ती कॉलेजला आली नाही.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. स्टाफरूमच्या दाराबाहेर चपला काढून, पटक्याचं टोक हातात धरून उभे राहिले. मी आत बोलावलं, खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. आमच्या भागातल्या वाशीकडच्या एका फाट्यावरून आत त्यांचं गाव. घरी शेळ्या, थोडं रान.

"म्याडम, पोरगी म्हणती मला न्हाय जायचं कालिजला. म्हणती, सगळ्यांला जमतंय, मला एकटीलाच जमत न्हाय. मला डोकंच न्हाय म्हणती. गावात शिवणक्लास हाय, तिथं जाते म्हणती."

"तुम्हाला काय वाटतं काका?"

"मला काय कळतंय त्यातलं. म्या सातवी नापास. तुमाला कळतंय, म्हणून आलो." मग त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "खरंच जमत नसंल तर मला सांगून टाका. म्या तिला बळजबरी करनार न्हाय, उगं पोरीचा जीव खानार न्हाय. अन् जमत असंल तर तसं सांगा. मंग म्या तिला घरी बसू देनार न्हाय. पर खरं सांगा. मला बरं वाटावं म्हनून नका सांगू."

"हुशार आहे हो तुमची मुलगी," हे वाक्य माझ्या तोंडात आलंच होतं. पालक समोर आले की आपण ते सवयीनं म्हणतो, त्यांनाही बरं वाटतं, आपलंही काम होतं. पण या माणसानं ती वाटच बंद करून ठेवली होती. आणि खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. तिनं मनापासून प्रयोग केला होता, हे मी पाहिलं होतं. पण लंबकाच्या प्रयोगात एवढी चूक येणारा विद्यार्थी एक तर धांदरट असतो किंवा त्याला मोजताच येत नाही, असं मलाच शिकवलेलं होतं. यांना काय सांगू?

मी म्हणाले, "काका, मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या. तोवर तिला रोज पाठवा. मग मी खरं ते सांगेन."

"धाडतो," ते म्हणाले. "शुक्करवारी म्या सोता येतो."

दुसऱ्या दिवशी ती आली. चेहरा उतरलेला. "अण्णांनी पाठवलं म्हणून आले," असं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. दुपारी प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो. मी तिला सांगितलं, "अगं, बाकीच्यांनी प्रयोग केलेलाच नाही. त्यांनी उत्तर बसवलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हलकंसं हसली. "मॅडम, तुम्ही माझी समजूत काढताय."

मला गलबलून आलं. या पोरीला कुणी ती युक्ती सांगितलीच नव्हती. सगळ्यांना खरंच नऊशे ऐंशी येतं, आणि आपण कितीही जीव तोडून मोजलं तरी येत नाही, असं मनात धरून ती इतके दिवस बसली होती. अकरावीपासून, तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हापासून तिची जवळपास सगळीच उत्तरं थोडी थोडी चुकायची आणि बाकी सगळ्यांची बरोबर यायची.

मी म्हणाले, "कर पुन्हा, मी बघते." तिनं केलं. तिचा हात स्थिर होता. गोळा सोडताना धक्का नाही, मोजण्यात घाई नाही. मला बोट ठेवायला जागा सापडेना. उत्तर पुन्हा हजाराच्या वर. मग मी पदर खोचला आणि स्वतः प्रयोगाला बसले. कॉलेजात असताना या प्रयोगात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी तिला ऐकवलंही. माझं उत्तर आलं एक हजार अठरा.

मी आकडा लिहून कागद तिच्यापुढे सरकवला. तिच्या चेहऱ्यावर मी प्रथमच काहीतरी वेगळं पाहिलं. माझं चुकल्याचा आनंद होता तो, आणि मला त्याचा मुळीच राग आला नाही.

पुढच्या दिवशी मी अख्ख्या वर्गाला प्रयोगशाळेत उभं केलं. म्हणाले, "ज्यांना नऊशे ऐंशी येतं त्यांनी माझ्यासमोर काढून दाखवा. कुणालाही आलं तर वर्षभर माझ्या तासाला झोपायची परवानगी." भरतीवाली मुलं एकदम ताठ झाली. एवढं मोठं बक्षीस त्यांना कुणी लावलं नव्हतं. पहिला गट बसला, त्यांचं आलं एक हजार सोळा. दुसरा गट त्यांना हसला आणि स्वतः बसला, त्यांचं आलं हजार एकवीस. मग मात्र कुणी हसेना.

त्यानंतर जे झालं ते मी त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. कुणी म्हणालं, पंख्याच्या वाऱ्यानं होत असेल, पंखा बंद करा. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, सगळे घामेजले, उत्तर तिथंच. कुणी म्हणालं, घड्याळ मागे पडत असेल. पाच जणांनी पाच मोबाइल काढले आणि घड्याळाशी ताडून पाहिले. घड्याळ ठीक होतं. एकानं गोळा बदलला. एकानं टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारला. एक जण गंभीर तोंड करून म्हणाला, "मॅडम, आपल्या बालाघाटाच्या डोंगरात पृथ्वी जरा जोर लावूनच ओढती." सगळे हसले, पण पाठोपाठ एक मुलगी म्हणाली, "मग आपल्याकडं सगळ्यांची वजनं जास्त भरायला पाहिजेत की." आणि त्यावर खरोखरीचं भांडण जुंपलं. स्टँडवरून गाडी सुटल्याचा हॉर्न आला. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, घरी फोन लावले आणि थांबल्या.

ती मात्र आपल्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी होती. भांडणात तिनं भाग घेतला नव्हता. आपलं एकटीचं, दोरा कधी लांब तर कधी आखूड करून, मोजत होती. बऱ्याच वेळानं ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, दोरा लांब असला की कमी चुकतंय. आखूड केला की लई चुकतंय."

ते ऐकलं आणि मला उलगडलं. उत्तर माझ्या जिभेवर आलं. मी शिक्षिका आहे, उत्तर पोटात ठेवणं हा माझा स्वभाव नाही, आणि रागीट माणसाला धीर कुठून असणार. तरी मी ओठ घट्ट मिटले. त्या दिवसातलं मला जमलेलं सगळ्यात अवघड काम ते होतं. मी एवढंच म्हणाले, "हे सगळ्यांना सांग."

ती वळली. वर्ग गप्प झाला, कारण तिला बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं. तिनं सांगितलं, अडखळत. मग स्वतःशीच बोलल्यासारखी पुढे म्हणाली, "म्हणजे दर वेळेला तेवढंच काहीतरी जास्तीचं धरलं जातंय. लांब दोऱ्यात तेवढं कळत नाही. आखूड दोऱ्यात ते लई होतं." ती थांबली. तिची नजर टेबलावरच्या लाकडी मोजपट्टीवर गेली. आमच्या प्रयोगशाळेत दोरा मोजायला ती एकच मीटरची पट्टी होती, हात लागून लागून काळी पडलेली, कडेचे आकडे पुसून गेलेले. तिनं पट्टी उचलली. टोकावरून बोट फिरवलं. मग आपल्या दप्तरातली प्लॅस्टिकची पट्टी काढून तिच्या शेजारी लावली.

लाकडी पट्टीचं टोक कधीकाळी मोडलं असावं आणि कुणीतरी ते करवतीनं सरळ कापून टाकलं असावं. चांगली दोन बोटं पट्टी गायब होती. आम्ही ज्याला पन्नास म्हणत होतो ते पन्नास नव्हतंच.

सगळे त्या टेबलाभोवती गोळा झाले. ती कापलेली पट्टी हातोहात फिरली. तो सरळ स्वभावाचा मुलगा, ज्यानं मला रीडिंग बसवायला शिकवलं होतं, बराच वेळ ती हातात धरून उभा होता. "मॅडम," तो म्हणाला, "मग आमचं नऊशे ऐंशी कसं आलं हो?" म्हणाला आणि स्वतःच लाजून खाली बघायला लागला. मी त्याला रागावले नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्रवारी मी येडशीतूनच एक नवी मोजपट्टी घेऊन गेले. दुपारी प्रॅक्टिकल सुरू असताना तिचे वडील आले. आत न येता व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहिले. मी बाहेर गेले.

"काका, तिला जमतं," मी म्हणाले. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. आमची मोजपट्टीच तोकडी होती. तिचं काही चुकलं नव्हतं. आणि ते आमच्यापैकी कुणाला सापडलं नाही, तिनं शोधलं."

"इतकी पोरं शिकून गेली हितून. कुनालाच कळलं न्हाय?"

"कुणी मोजलंच नव्हतं काका."

त्यांनी मान हलवली. पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि मीही दुसरीकडे पाहिलं कारण माझीही तीच गत झाली होती. मी म्हणाले, "चला, तिला तुम्हीच सांगा." ते चपला काढून प्रयोगशाळेच्या दाराशी आले.

ती गोळ्यासमोर वाकली होती. भरतीवाल्यांपैकी एक घड्याळ धरून बसला होता, बाकीची दोन-तीन मुलं मागं उभी होती. वडिलांनी तिला हाक मारायला तोंड उघडलं. तिनं वर न बघताच एक हात उंच केला. थांबा. तिचे ओठ हलत होते, मध्येच बोललं असतं तर मोजणी चुकली असती. ते थांबले. पोरीच्या उंचावलेल्या हातासमोर ते तसेच उभे राहिले. तिनं मोजणी संपवली, आकडा लिहिला, हिशेब केला आणि मग वळून पाहिलं.

"अण्णा, तुम्ही होय. नऊशे चौऱ्याहत्तर येतंय बघा. अजून सहाचा घोळ हाय कुठंतरी." ती पुन्हा दोऱ्याकडे वळली होती. "तुम्ही जावा पुढं. म्या शेवटच्या गाडीनं येते."

त्या आकड्यांतलं त्यांना काही कळलं नसणार. त्यांनी चपला पायात घातल्या.

"बरं," ते म्हणाले. "घरी सांगतो, तुला उशीर हुईल म्हनून."